दत्तूची वरची दाढ

दत्तूला वरचे दात आधी आले हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. तो तेव्हा नऊ-दहा महिन्यांचा असेल आणि मी आठ वर्षांची. त्याला कडेवर घेऊन मी वाडीत फिरत होते. एकाएकी त्याने माझ्या खांद्याला चावा घेतला. बोट घालून पाहिलं तर वरच्या हिरडीत कण्यांएवढे दोन दात. मी ओरडतच घरात पळाले. आत्याने त्याला मांडीवर घेतलं, खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं, ती अजून गुळगुळीत होती. आईकडे न बघताच ती म्हणाली, "वरचे आधी आले. मामाला जड हाय हे." आई चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला आणि तव्यावरची भाकरी करपली. एरवी भाकरी करपली तर आत्या बोलल्याशिवाय राहत नसे. त्या दिवशी बोलली नाही.

माझा मामा एकच, विठूमामा. तो थळला राहायचा. आईची आई लवकर गेली, तेव्हा आई दहा वर्षांची होती आणि विठू दोन वर्षांचा. तिनेच त्याला वाढवला. लग्न होऊन किहीमला आली तेव्हा तो तिच्या पदराला धरून वेशीपर्यंत रडत आला होता, हे ती कितीदा तरी सांगायची. दर पंधरा दिवसांनी तो बैलगाडी घेऊन यायचा, ओटीवर बसून चहा प्यायचा, मला खांद्यावर बसवून रहाटापर्यंत न्यायचा. दत्तूचे वरचे दात दिसले आणि हे येणं बंद झालं. आत्याने नेम घालून दिला की मुलाचे दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत मामाने त्याचं तोंड पाहायचं नाही. मामा हसला होता म्हणे. पण आई हसली नाही. तिनेच त्याला निरोप धाडला, "येऊ नकोस." त्यानंतर सणावारी ती एकटी थळला जाऊन यायची, दत्तूला आमच्याकडे ठेवून.

आमची वाडी नारळी-पोफळीची. पहाटेपासून रहाट सुरू व्हायचा, त्याची करकर आणि पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज दिवसभर कानात असायचा. मध्येच एखादी झावळी धप्पकन पडायची, कुत्रं भुंकायचं, आणि या सगळ्याच्या मागे समुद्राची गाज. इतकी सवयीची की ती ऐकू यायची ती फक्त तापात. घरात सकाळी पेज, दुपारी भात आणि सुकटीचं नाहीतर जवळ्याचं कालवण, माळ्यावर गुळाच्या ढेपा. अण्णा, म्हणजे माझे वडील, नारळ घेऊन शिडाच्या मचव्यातून मुंबईला जायचे, कधी चार दिवसांनी परतायचे, कधी आठ. घर चालवायची आत्या. ती अण्णांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. तिचा एक मुलगा होता. तीन वर्षांचा असताना तापाने फणफणला म्हणून त्याला अलिबागच्या दवाखान्यात नेलं आणि तिथेच तो गेला. तेव्हापासून दवाखाना हा शब्द आमच्या घरात कुणी काढायचं नाही. दत्तू तिच्याजवळ झोपायचा. त्याच्या अंगाला खोबरेल चोळताना ती काहीतरी पुटपुटत असायची, आणि मला आजही खात्री आहे की आईच्या बरोबरीने त्याला कुणी जीव लावला असेल तर तो आत्यानेच.

आता मला जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, माझ्या मुलांनाही नाही. दत्तू झाल्यावर आईला हिवताप जडला. एक दिवसाआड थंडी वाजून यायची, तिचं दूध आटलं. दत्तूला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. गाईचं दूध तो नीट प्यायचा नाही, रडत राहायचा, आणि आई गोधडीखाली कुडकुडत "गप कर गं त्याला, गप कर" म्हणायची. मी मऊ फडक्यात गुळाचा खडा बांधला, पाण्यात बुडवला आणि त्याच्या तोंडात दिला. तो गप्प झाला. इतका गप्प की आत्याने माझं कौतुक केलं. मग ती रीतच पडली. दुपारी झोपताना गूळ, रात्री झोपताना गूळ. आई बरी झाली तरी फडकं सुटलं नाही. त्याला ते हवं असायचं आणि मला खेळायला जायचं असायचं. दात येत गेले ते गुळातच आले म्हणा ना. दोन वर्षांचा झाला तेव्हा पुढचे दात पिवळट झाले, मग तपकिरी, मग काळे, आणि तीन वर्षांचा होईतो पुढे नुसती खुंटं उरली. आम्ही मोठी माणसं सकाळी राखुंडीने दात घासायचो, आत्या मशेरी लावायची. पण एवढ्या लहान पोराचे दात घासायचे असतात हे कुणाच्या गावी नव्हतं. आईने एकदा विचारलं, "वन्सं, याचे दात असे का हो?" आत्या म्हणाली, "दुधाचेच तर हायत. पडतील नि नवे येतील. पडणाऱ्याची कसली काळजी?"

दत्तू चार वर्षांचा झाला त्या वर्षी शिमग्याच्या आधी त्याची वरची दाढ ठणकायला लागली. उजव्या बाजूची. जेवताना घास गालात धरून तो रडायचा. तेव्हा वाड्या-वाड्यांतून दातांतली कीड काढणाऱ्या बाया फिरायच्या. अशीच एक आली. तिने तापलेल्या खापरीवर भुईरिंगणीचं बी टाकलं, वर करवंटी उपडी घातली आणि करवंटीच्या भोकात नळी बसवून दत्तूच्या तोंडात धूर सोडला. तो गुदमरला, खोकला, हातपाय झाडायला लागला. मी त्याचे पाय धरले होते. नंतर तिने वाटीतल्या पाण्यात पांढरे बारीक किडे दाखवले आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडले. ते किडे नव्हते, फुटलेल्या बियांतले कोंब होते, हे मला फार पुढे, शिक्षिकेच्या परीक्षेचा अभ्यास करताना समजलं. त्या रात्री दत्तू झोपला. दोन दिवसांनी गाल सुजला.

अण्णा त्याच सकाळी मुंबईला निघत होते. त्यांनी गालाला हात लावून पाहिला. आई म्हणाली, "अहो, अलिबागेला दाखवू या का?" अण्णांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "वरची दाढ हाय ती. डोळ्याची शीर तिच्यातनं जाते. दवाखान्यात नेली की दाढ उपटणार, आणि दाढ उपटली की डोळा गेला." अण्णा घुटमळले. मग म्हणाले, "मी आलो की बघू. तोवर लेप लावा." आणि गेले. आंबेहळदीचा लेप झाला, जवसाचं पोटीस झालं, देवीला गाऱ्हाणं घातलं. तिसऱ्या दिवशी सूज गालावरून वर चढली. चौथ्या दिवशी सकाळी दत्तूचा उजवा डोळा दिसेना. पापणी जांभळी, ताणलेली, चकाकणारी, आणि आतून डोळा कुणी बाहेर ढकलत असावं तशी फुगलेली. अंग तव्यासारखं तापलेलं. तोंड उघडत नव्हतं. मी चमच्याने पेज घालायचा प्रयत्न केला, ती ओठांवरून मानेवर ओघळली.

आई आत्याच्या पायाशी बसली. "वन्सं, पाया पडते तुमच्या. न्यायला द्या."

"मी नेला होता माझा," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माझ्या हातातनं घेतला नि चादरीत गुंडाळून परत दिला. तुलाबी तसाच आणायचाय?"

दुपारी आत्या देवळात गेली, दत्तूसाठीच. ती फाटकाबाहेर पडलेली दिसली तशी आई उठली. दत्तूला लुगड्याच्या जुन्या धडप्यात गुंडाळून तिने खांद्यावर टाकलं. मला म्हणाली, "तांब्या घे पाण्याचा. आणि बोलू नकोस." आजच्या वाचकाला यात काय विशेष असं वाटेल. पण नवरा घरी नसताना, नणंदेला न विचारता, पोर उचलून उंबरठा ओलांडणारी बाई परत त्या घरात घेतली जाईल की नाही हे तेव्हा कुणी सांगू शकलं नसतं. आईलाही ते ठाऊक होतं. तिने जाताना देवापुढचा दिवा नीट केला आणि चुलीतला विस्तव राखेने झाकला.

रस्त्याने गेलो असतो तर दहा जणांनी विचारलं असतं. म्हणून आम्ही किनाऱ्याने थळकडे निघालो. ओहोटी होती. वरची कोरडी वाळू इतकी तापली होती की आम्ही पाण्याच्या कडेने, ओल्या वाळूवरून चालत होतो. वाटेत खडक लागले, त्यांवरच्या कालवांच्या शिंपांनी माझा तळपाय कापला. आईच्या पायांतूनही रक्त येत होतं पण ती थांबली नाही. खांदेरीचा किल्ला समोर दिसत होता आणि कितीही चाललं तरी तो जवळ येत नव्हता. सुरुवातीला दत्तू कण्हत होता. मग कण्हणंही थांबलं. आई दर थोड्या वेळाने मला विचारायची, "बघ गं, श्वास हाय ना?" मी मागून त्याच्या नाकाशी बोट धरायची आणि "हाय" म्हणायची. एकदा मला काहीच जाणवलं नाही. वारा होता, की माझं बोट बधिर झालं होतं, ठाऊक नाही. तरी मी "हाय" म्हटलं. पुढच्या पन्नास पावलांत मी देवाला काय काय कबूल केलं असेल! मग तो खोकला, आणि मी वाळूत मटकन बसले. आईने मागे वळून पाहिलंही नाही.

मामाच्या अंगणात पोचलो तेव्हा तो बैलांना पाणी पाजत होता. आई फाटकापाशीच थांबली आणि तिने घाईघाईने दत्तूचं तोंड पदराने झाकलं.

"विठू, तोंड फिरव," ती ओरडली. "इकडे बघू नकोस. नुसती गाडी जुंप आणि कुणा गड्याला दे. आम्हाला अलिबागेला जायचंय."

मामा बादली टाकून पुढे आला. "ताय, काय झालं? पोर का झाकलंस?"

"पुढे येऊ नकोस म्हणते ना! याचे दात पडले न्हाय अजून." ती एक एक पाऊल मागे सरत होती. एका हाताने पदर घट्ट धरलेला, आणि पदराखाली दत्तूला श्वास घेता येत नव्हता. मला ते दिसत होतं. "तुला काय झालं तर मी कुणाकडे बघू, विठू? आणि याला काय झालं तर कुणाकडे बघू?" असं म्हणून ती हमसून हमसून रडायला लागली. चार दिवसांत पहिल्यांदाच.

मामाने तिच्या मुठीतून पदर सोडवला. बोटं एकेक करून सरळ करावी लागली. त्याने पदर बाजूला केला आणि दत्तूच्या तोंडाकडे पाहिलं, चांगलं निरखून, जन्माला आल्यावर भाच्याला प्रथम पाहतात तसं. त्याचा चेहरा पांढरा पडला. पण तो एवढंच म्हणाला, "तुझ्यासारखा दिसतो गं." आणि गाडी जुंपायला वळला.

अलिबागला दिवस कलता पोचलो. दवाखाना बंद होत होता, कंपाउंडर म्हणाला उद्या या. मामा त्याच्याशी न भांडता दत्तूला घेऊन थेट मागे डॉक्टरांच्या घरी गेला. डॉक्टर जेमतेम तिशीचे, चहा पीत बसले होते. दत्तूला पाहिल्यावर कप खाली ठेवून उभे राहिले आणि त्यांनी कंपाउंडरला दवाखाना पुन्हा उघडायला लावला. मामाने डोकं धरलं, मी पाय धरले. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मिटलेला जबडा त्यांनी लाकडाच्या पाचरीने उघडला. दाढ निघाली तशी तोंडातून इतका पू आला, आणि इतकी घाण सुटली, की कंपाउंडर बाहेर गेला. मग त्यांनी पापणीखालीही चीर दिली. दत्तू ओरडला. त्या ओरडण्याने आई भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "रडला. रडला बाई."

हात धुताना डॉक्टरांनी विचारलं, "एवढ्याशा मुलाचे दात असे कुजले कशाने? गोड फार देता का?"

मग मी म्हणाले, "मी फडक्यात गूळ बांधून द्यायची. झोपताना."

डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बोटाला ओलं फडकं गुंडाळून लहान मुलाचे दात कसे पुसायचे ते दाखवलं, पहिला दात दिसल्या दिवसापासून, रोज, झोपण्याआधी तर न चुकता. म्हणाले, दुधाचा दात पडणारा असला तरी त्याचं मूळ हाडात असतं, तिथून विष अंगात जातं, आणि तो नीट असेल तर मागून येणाऱ्या दाताला जागा राखून ठेवतो. आई ऐकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. पुढे मरेपर्यंत त्या गुळाबद्दल ती मला एक अक्षर बोलली नाही.

आम्ही अलिबागला बारा दिवस राहिलो. ताप उतरला, सूज उतरली, दत्तू बोलायला लागला, भात मागायला लागला. पण उजव्या डोळ्यासमोर दिवा धरला तरी त्याला कळत नव्हतं. बुबुळावर दुधी साय आली. डॉक्टर आईला म्हणाले, "दाढेने डोळा नेला नाही, बाई. उशिराने नेला. तीन दिवस आधी आणला असता तर डोळाही वाचला असता. आज आणला नसता तर मूलही गेलं असतं." मामाचा निरोप मिळताच अण्णा मुंबईहून परस्पर तिथे आले, दत्तूच्या खाटेशी बसले आणि त्याच्या तळव्यांवरून हात फिरवत राहिले. आईला त्यांनी काही विचारलं नाही. आम्हाला घेऊन घरी गेले, स्वतः पुढे होऊन, आणि आईसाठी फाटक उघडलं. आत्या ओटीवर होती. तिने दत्तूला ओढून घेतलं, त्याच्या डोळ्यावर ओठ टेकले आणि रडत म्हणाली, "सांगितलं होतं मी. दाढ काढू नका, सांगितलं होतं." त्यात आईला दुखवायचा हेतू नव्हता. तिला खरोखरच तसं वाटत होतं. म्हणूनच सगळ्या गावाला ते पटलं.

विठूमामाला काही झालं नाही. तो चांगला म्हातारा होऊन, नातवंडांनी वेढलेला असा गेला. पण ती गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही. दत्तूचा डोळा मात्र सगळ्यांना रोज दिसायचा. विहिरीवर, देवळात, शाळेच्या वाटेवर. कुणाच्या पोराचा दात दुखला की बाया म्हणायच्या, लेप लावा, धुरी द्या, पण उपटू नका हो, यशोदेच्या पोराचं काय झालं पाहिलंत ना? यशोदा म्हणजे माझी आई.

पुढच्याच वर्षी आमच्या शेजारच्या सावित्रीकाकींच्या चंपाचा गाल सुजला. पाच वर्षांची मुलगी, सारखी गाणी म्हणत असायची. तीही वरचीच दाढ. आईला कळलं तशी ती हातातलं काम टाकून गेली. मी आणि दत्तू मागोमाग. सावित्रीकाकी दारात उभ्या राहिल्या, आत येऊ देईनात. आई म्हणाली, "सावित्री, आज घेऊन चल. आत्ता. माझा भाऊ गाडी आणेल. मी येते तुझ्याबरोबर. उद्यावर टाकू नकोस." काकी तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या दत्तूकडे बघत होत्या. "वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "मुलीची जात हाय. डोळा गेला तर तिला कोण करून घेईल?" आई म्हणाली, "अगं, डोळा दाढेनं न्हाय गेला. मी उशीर केला. मी केला उशीर!" ती तेच तेच म्हणत राहिली, आवाज चढत गेला, आजूबाजूच्या बाया जमल्या. मग दार लागलं. आई बंद दारासमोर थोडा वेळ उभी राहिली. दत्तूचा हात धरून परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. सहाव्या दिवशी चंपा गेली.

मी पुढे शिक्षिका झाले. बत्तीस वर्षं रोज सकाळी प्रार्थनेनंतर मुलांची तोंडं उघडून पाहिली, त्यांच्या आयांना शाळेत बोलावून बोटाला फडकं गुंडाळून दाखवलं. कुणी ऐकलं, कुणी हसलं. लोक म्हणायचे, बाईंना दातांचं वेड आहे. असेल.

चंपा गेल्यावर सावित्रीकाकी आमच्या वाटेला फिरकल्या नाहीत. पावसाळा गेला, नवरात्र गेलं. एके सकाळी आई रहाटाच्या पन्हळीशी कपडे धूत होती, मी पिळत होते. काकी कुंपणाच्या खिंडारातून आत आल्या. केस विस्कटलेले, अंग वाळलेलं. त्या आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं ना? तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग दार लावल्यावर परत का गेलात? दार मोडून माझी पोर ओढून का न्हाय नेलीत?"

आईच्या हातातलं लुगडं पाण्याबरोबर वाहत पोफळीच्या आळ्यात गेलं. ते धरायला कुणीच उठलं नाही.